पगार आणि बाहेरची कामं, दोन्ही असताना रिटर्न कसं भरायचं? (सोलापूर)

जुळेसोलापूरकर | ९ ऑगस्ट २०२५, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. आज राखीपौर्णिमेची सुट्टी होती. बहीण दुपारी येऊन गेली आणि त्यानंतर मी इन्कम टॅक्सचं पोर्टल उघडून बसलो. आता रात्रीचे पावणेअकरा होत आलेत, आणि कोणता फॉर्म निवडायचा तेही अजून ठरत नाही.

मी सिव्हिल इंजिनिअर आहे, एका कंपनीत पगारावर. २०२४-२५ चा पगार ७,२०,००० रुपये. मागच्या वर्षापासून संध्याकाळी आणि रविवारी बाहेरची कामं घ्यायला लागलो: घरांचं स्ट्रक्चरल डिझाइन, एस्टिमेट, कधी साइट व्हिजिट. त्यातून वर्षभरात ४,८०,००० आले. यातले २,६०,००० एका बांधकाम कंपनीकडून, त्यांनी १० टक्के म्हणजे २६,००० टीडीएस (पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर) कापला. उरलेले विजापूर रोड, शेळगी या भागातल्या घरमालकांकडून, काही यूपीआयवर, काही रोख. बचत खात्यावर १२,००० व्याज आहे.

फॉर्म १६ मध्ये (कंपनी देते त्या पगार आणि कराच्या दाखल्यात) कर शून्य दिसतो. ऑफिसमधला सहकारी म्हणतो, दरवर्षीसारखा आयटीआर-१ (नुसत्या पगारदारांचा साधा फॉर्म) भर, बाहेरच्या कामांचा उल्लेखच करू नको, ते २६,००० रिफंड म्हणून परत येतील. मला ते पटत नाही. पण बरोबर काय, तेही कळत नाही. कुणी नीट समजावून सांगाल का?

पार्कचौक | ९ ऑगस्ट, रात्री ११:१५

सहकाऱ्याचं ऐकू नका. टीडीएस कापणाऱ्या कंपनीने तुमच्या पॅनवर २,६०,००० दिल्याचं सरकारला कळवलेलं आहे. पोर्टलवर २६एएस (पॅनवर कापलेल्या कराचा तपशील) आणि एआयएस (वर्षभराच्या व्यवहारांची नोंद) दोन्ही उघडून बघा, तिथे कलम १९४जे (व्यावसायिक फीवरचा टीडीएस) खाली ती रक्कम दिसेल. कापलेला कर परत मागायचा आणि तो ज्या रकमेवर कापला ती रक्कमच दाखवायची नाही, हे कॉम्प्युटरलाही लगेच कळतं. शिवाय व्यवसायाचं उत्पन्न असलं की आयटीआर-१ चालतच नाही.

नवीपेठ_लेखणी | १० ऑगस्ट, सकाळी ८:०५

जुळेसोलापूरकर, तुम्हाला पटलं नाही तिथेच तुम्ही अर्धं काम केलंत. आता पुढचं बघू.

इंजिनिअरिंग हा कायद्यात नावानिशी लिहिलेल्या व्यवसायांपैकी एक आहे, त्यामुळे तुम्हाला कलम ४४एडीए लागू पडतं. जमा ५० लाखांच्या आत असेल तर जमेचा निम्मा भाग नफा धरायचा आणि त्यावर कर भरायचा. हिशेबाच्या वह्या ठेवायची सक्ती नाही. (एकूण जमेत रोख पाच टक्क्यांपेक्षा जास्त नसेल तर ही मर्यादा ७५ लाख होते. तुमच्या रकमेला तो प्रश्नच नाही.) रोख आलेले पैसेही ४,८०,००० मध्ये धरायचेच. म्हणजे नफा २,४०,०००. पगार आणि हा नफा एकाच रिटर्नमध्ये जातात, फॉर्म आयटीआर-४.

आता फॉर्म १६ मधल्या शून्याबद्दल, कारण बहुतेक लोक तिथेच फसतात. तुमच्या कंपनीला फक्त तुमचा पगार माहीत आहे. ७,२०,००० मधून ७५,००० प्रमाणित वजावट गेली की ६,४५,००० उरतात. नव्या करप्रणालीत २०२४-२५ साठी सात लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला ८७ए खाली पूर्ण सवलत होती, म्हणून कंपनीने काहीच कापलं नाही. तिचं काही चुकलेलं नाही. पण तुमचं एकूण उत्पन्न असं होतं: ६,४५,००० अधिक २,४०,००० अधिक व्याज १२,०००, एकूण ८,९७,०००. सात लाख ओलांडले, सवलत गेली. आता तीन लाखांपासून पुढच्या सगळ्यावर कर लागतो.

तीन ते सात लाखांवर ५ टक्के, २०,०००. सात लाखांच्या वरच्या १,९७,००० वर १० टक्के, १९,७००. बेरीज ३९,७००, वर ४ टक्के सेस १,५८८. एकूण ४१,२८८. यातून कापलेले २६,००० वजा केले की १५,२८८ भरायचे राहतात.

आणि त्यावर व्याज. टीडीएस वजा करून कर १०,००० किंवा जास्त निघत असेल तर तो आगाऊ भरावा लागतो. ४४एडीएवाल्यांना चार हप्ते नाहीत, सगळा एकदम १५ मार्चपर्यंत. तुम्ही भरलेला नाही. म्हणून २३४सी खाली एक टक्का, १५२ रुपये. २३४बी खाली एप्रिलपासून भरण्याच्या महिन्यापर्यंत दरमहा एक टक्का. ऑगस्टमध्ये भरलंत तर पाच महिने, ७६०. सगळं मिळून १६,२००. सप्टेंबर उजाडला की आणखी १५२ वाढतील.

जुळेसोलापूरकर | १० ऑगस्ट, सकाळी ९:३०

काका, एवढं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. २६,००० परत येतील असं ऐकत होतो आणि आता १६,२०० भरायचे आहेत. थोडा वेळ नुसता बसून राहिलो. पण निदान आकडा खरा कळला.

एक शंका. साइटसाठी अक्कलकोट, पंढरपूरपर्यंत मोटारसायकलवर जातो. पेट्रोल, सॉफ्टवेअरची वर्गणी, गेल्या दिवाळीत घेतलेला लॅपटॉप, हे खर्च वेगळे दाखवता येतील का?

नवीपेठ_लेखणी | १० ऑगस्ट, सकाळी १०:१०

नाही. निम्मा नफा धरला म्हणजे उरलेल्या निम्म्यात पेट्रोल, लॅपटॉपचा घसारा, सगळं आलं. खर्च खरोखर निम्म्यापेक्षा जास्त असेल तर नफा कमी दाखवता येतो, पण मग वह्या ठेवा, ऑडिट करा, आयटीआर-३ भरा. पावणेपाच लाखांच्या कामासाठी एवढा व्याप करू नये, असं माझं मत.

होटगीरोड | १० ऑगस्ट, दुपारी १:२०

माझा अनुभव लिहितो, म्हणजे कुणाचा तरी वेळ आणि झोप वाचेल. मी दिवसा इथे नोकरी करतो आणि रात्री एका बाहेरगावच्या कंपनीसाठी सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करतो. २०२३-२४ चं रिटर्न एका फॉर्म भरून देणाऱ्याकडे दिलं होतं. त्याने आयटीआर-१ भरला, बाहेरच्या कामाची जमा सोडून दिली आणि वर एका राजकीय पक्षाला देणगी दिल्याची खोटी वजावट टाकली. मी एक रुपयाही कुणाला दिलेला नव्हता. रिफंड आला, त्यातला वाटा त्याने घेतला. मी खूश होतो. फॉर्म न वाचताच ओटीपी सांगितला होता, ती चूक माझीच.

मग विभागाचा ईमेल आला, की तुमच्या वजावटी तपासून घ्या. त्या रात्री एआयएस पहिल्यांदा उघडलं. सगळं तिथे होतं, कंपनीचं नाव, तिमाहीनुसार रकमा, टीडीएस. हातपाय गार पडले. एका जाणकार सीएंकडे गेलो, त्यांनी आयटीआर-यू म्हणजे अद्ययावत रिटर्न भरून घेतलं. चुकवलेला कर, आलेला रिफंड, व्याज, आणि कर व व्याजाच्या बेरजेवर २५ टक्के जादा. त्या वर्षासाठी २५ टक्क्यांचा दर ३१ मार्च २०२६ पर्यंतच आहे, त्यानंतर ५० टक्के होतो. ज्यांचं असं काही राहिलं असेल त्यांनी थांबू नये. गेल्याच महिन्यात, १४ जुलैला, विभागाने खोट्या वजावटी भरून देणाऱ्यांवर देशभर तपासणी सुरू केली आहे.

चटणीभाकरी | १० ऑगस्ट, रात्री ९:००

वाचून मलाही विचारावंसं वाटलं. मी एका दवाखान्यात बिलिंगला आहे, वर्षाचा पगार ३,६०,०००. घरी दोन शिलाई मशीन आहेत. शाळेचे गणवेश बनवणाऱ्या एका कारखान्याचं शिलाईकाम घेते, कापड त्यांचंच असतं. त्यांच्याकडून वर्षात १,५०,००० खात्यावर आले, १,५०० कापून. शेजारपाजारच्या ब्लाउजचे साधारण ३०,००० रोख. एका ओळखीच्यांनी सांगितलं की तुम्ही ६ टक्के आणि ८ टक्के नफा दाखवा, म्हणजे सगळे मिळून ११,४००. पण मला प्रत्यक्षात मदतनीस बाईंचा पगार, दोरा, बटणं, वीज वजा जाता १,१०,००० तरी सुटले आहेत. मग ११,४०० लिहू का?

पार्कचौक | १० ऑगस्ट, रात्री ९:४५

ताई, शिलाईकाम हा व्यवसाय कलम ४४एडी मध्ये बसतो, म्हणजे जमेच्या ठरावीक टक्क्यांएवढा नफा धरायचा. बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या जमेवर ६ टक्के, रोखीवर ८ टक्के. तुमचा ११,४०० चा हिशेब आकड्याने बरोबर आहे. बरेच जण तेवढंच लिहितात आणि ते चालतं.

नवीपेठ_लेखणी | ११ ऑगस्ट, सकाळी ७:५०

पार्कचौक, इथे मी तुमच्याशी सहमत नाही. ६ आणि ८ टक्के ही किमान पातळी आहे. त्याहून जास्त कमावलं असेल तर जास्त दाखवायचं, हे त्याच कलमात लिहिलंय. आणि ताई, तुम्ही स्वतःच १,१०,००० म्हणालात, मग तेच लिहा.

त्याने तुमचं काय बिघडतं ते बघा. पगारातून ७५,००० गेले, २,८५,००० राहिले. त्यात १,१०,००० मिळवले, ३,९५,०००. सात लाखांच्या आत, म्हणून सवलतीने कर शून्य. ११,४०० लिहिलेत तरी शून्यच. मग खोटं कशासाठी? उलट उद्या तिसरं मशीन घ्यायला बँकेत गेलात तर बँक रिटर्नवरचंच उत्पन्न बघणार. आणि १,५०० रुपये कापलेत ते रिटर्न भरल्याशिवाय परत मिळत नाहीत. तुमचं उत्पन्न तीन लाखांच्या वर आहे, त्यामुळे रिटर्न भरणं तसंही बंधनकारक आहे.

चटणीभाकरी | ११ ऑगस्ट, सकाळी ८:३०

काका, १,१०,००० च लिहिते. हे उत्पन्न माझ्या नावावर कागदावर येणार याचंच मला खरं तर जास्त समाधान आहे. सात वर्षं शिवतेय, आजवर कुठेच लिहिलेलं नव्हतं.

मोहोळकडचा | ११ ऑगस्ट, दुपारी ४:१५

माझा पगार आहे, शिवाय शेतकऱ्यांकडे ठिबक बसवून द्यायची कामं करतो. आयटीआर-४ भरत होतो तर एका ठिकाणी अडकलो. माझ्या नावावर डाळिंब आहे, खर्च जाऊन १,६०,००० राहिले. शेतीचं उत्पन्न करमुक्त, मग पोर्टल का अडवतंय?

पार्कचौक | ११ ऑगस्ट, संध्याकाळी ६:००

शेतीचं उत्पन्न ५,००० च्या वर गेलं की आयटीआर-४ चालत नाही. आयटीआर-३ घ्या. फॉर्म मोठा दिसतो, पण ४४एडी त्यातही वापरता येतं, बाकीचे बरेच रकाने रिकामे राहतात. आणि करमुक्त असलं तरी दाखवावं लागतं, कारण कराचा दर ठरवताना ते धरतात. पगार, व्यवसाय आणि शेती यांच्या बेरजेवर कर काढायचा, मग शेती अधिक तीन लाख एवढ्या रकमेवरचा कर त्यातून वजा करायचा. पोर्टल हे आपोआप करतं. सातबारा, आडतीच्या पट्ट्या, खतांची बिलं जपून ठेवा. आपल्या जिल्ह्यात पगार आणि शेती दोन्ही असलेले कितीतरी जण आहेत, आणि त्यातले बरेच शेतीचा रकाना कोराच सोडतात.

जुळेसोलापूरकर | १२ ऑगस्ट, रात्री १०:२०

आज चलन भरायला बसलो होतो. सहज बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, फ्लॅटच्या कर्जाचं व्याज कुठे धरलं? मी म्हटलं नव्या प्रणालीत राहत्या घराच्या व्याजाला वजावट नाही, कंपनीनेही धरलेलं नाही. पण तिच्या बोलण्यावरून विचारतो. व्याज १,३०,००० गेलंय. पीएफ, विमा आणि कर्जाची मुद्दल मिळून ८०सी चे (बचतीवरच्या वजावटीचे) दीड लाख पूर्ण होतात. मेडिक्लेम २५,०००. जुनी प्रणाली घेतली तर?

नवीपेठ_लेखणी | १३ ऑगस्ट, सकाळी ८:२०

हे आधी विचारायचं मी विसरलो, तुमच्या सौभाग्यवतींचे आभार माना. जुन्यात बघू.

पगारातून ५०,००० प्रमाणित वजावट आणि २,५०० व्यवसाय कर: ६,६७,५००. नफा २,४०,००० मिळवला. घराचं व्याज १,३०,००० वजा. बचत खात्याचं व्याज १२,००० अधिक. मग ८०सी दीड लाख, मेडिक्लेम २५,०००, आणि बचत खात्याच्या व्याजावरची १०,००० ची वजावट. उरतात ६,०४,५००. कर १२,५०० अधिक २०,९००, म्हणजे ३३,४००, सेससह ३४,७३६. नव्यापेक्षा ६,५५२ कमी. घराच्या कर्जाचं व्याज नसतं तर हाच आकडा ६१,७७६ झाला असता, म्हणजे सगळा फरक त्या कर्जाच्या व्याजाने पडलाय.

पण एक अट. फक्त पगारदार असाल तर दरवर्षी प्रणाली बदलता येते. व्यवसायाचं उत्पन्न असेल तर तसं नाही. जुन्यात जायला १०-आयईए हा फॉर्म मुदतीच्या आत भरावा लागतो, यंदा १५ सप्टेंबरच्या आत. पुन्हा नव्यात यायला तोच फॉर्म. आणि एकदा परत आलात की व्यवसायाचं उत्पन्न असेपर्यंत जुन्याचं दार बंद. साडेसहा हजारांसाठी ही एकुलती संधी वापरावी का, याचा नीट विचार करा.

पार्कचौक | १३ ऑगस्ट, सकाळी ११:००

काका, दोन गोष्टी. पहिली, फरक साडेसहा हजारांचा नाही. जुन्यात ३४,७३६ मधून २६,००० गेले की ८,७३६ उरतात. हे १०,००० च्या आत आहे! म्हणजे आगाऊ कर भरायची जबाबदारीच नव्हती, आणि २३४बी, २३४सी दोन्ही व्याजं लागत नाहीत. भरायचे ८,७४०. नव्यात १६,२००. वाचतात ७,४६०.

दुसरी, ती संधी राखून ठेवायची कशासाठी? २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत बारा लाखांपर्यंत सवलत आहे. यांचं उत्पन्न एवढंच राहिलं तर पुढच्या वर्षी नव्यात कर शून्य, कापलेला टीडीएस पूर्ण परत. पुढच्या वर्षी परत यायचं, आणि मग जुन्याकडे बघायची गरज पडेल असं मला वाटत नाही.

नवीपेठ_लेखणी | १३ ऑगस्ट, दुपारी १२:३०

व्याजाचा मुद्दा माझ्या नजरेतून सुटला होता. पार्कचौक, तुमचं बरोबर आहे. संधीबद्दल मात्र माझं मन अजून थोडं मागेपुढे होतं, कारण बाहेरची कामं वाढून एकूण उत्पन्न बारा लाखांच्या वर गेलं, मोठं कर्ज घेतलं, तर चित्र बदलू शकतं. पण तो निर्णय ज्याचा त्याने घ्यायचा. जुळेसोलापूरकर, आज दोन्ही आकडे तुमच्यासमोर आहेत.

अशोकचौक | १३ ऑगस्ट, संध्याकाळी ७:१०

अण्णालोक, मी टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे आणि विम्याची एजन्सीही आहे. मी पण आयटीआर-४ मध्ये ६ टक्के दाखवू शकतो का?

पार्कचौक | १३ ऑगस्ट, संध्याकाळी ७:४०

नाही अण्णा. कमिशन आणि एजन्सीच्या उत्पन्नाला ४४एडी लागू होत नाही. तुम्हाला आयटीआर-३, कमिशनमधून प्रत्यक्ष खर्च वजा करून नफा. फिरणं, फोन, ग्राहकांच्या भेटी, यांची बिलं असतील तेवढाच खर्च धरा.

जुळेसोलापूरकर | १७ ऑगस्ट, रात्री ११:०५

झालं. काय काय केलं ते लिहून ठेवतो, म्हणजे माझ्यासारख्या कुणाला उपयोग होईल.

जुनी प्रणाली घेतली. बायको आणि मी दोघांनी बसून ठरवलं: पुढच्या दोनतीन वर्षांत नवं कर्ज घ्यायचा विचार नाही आणि बाहेरची कामं एवढ्यात फार वाढवता येणार नाहीत, मुलगी लहान आहे. आधी १०-आयईए भरला, त्याचा पोचपावती क्रमांक आणि तारीख रिटर्नमध्ये लिहावी लागते. बँकेकडून कर्जाच्या व्याजाचा दाखला काढला, त्यात मुद्दल आणि व्याज वेगळं दिलेलं असतं. मग ई-पे टॅक्समधून ८,७४० भरले. तिथे स्वयंनिर्धारण कर, ३०० नंबरचा पर्याय निवडायचा आणि वर्ष २०२५-२६ हे निर्धारण वर्ष (कमाईच्या वर्षानंतरचं वर्ष) टाकायचं. मी आधी २०२४-२५ निवडलं होतं, शेवटच्या पानावर लक्षात आलं.

आयटीआर-४ मध्ये येणं, देणं, माल आणि हातातली रोख विचारतात. ३१ मार्चला दोन घरमालकांकडून पैसे यायचे होते. ते ४,८०,००० मध्ये नाहीत, पण येणं म्हणून लिहिले. १९४जे चे २६,००० आपोआप भरून आले होते, तरी २६एएसशी ताडून बघितले. आधारच्या ओटीपीने ई-व्हेरिफाय केलं. त्याला ३० दिवसांची मुदत असते, पण लगेच केलेलं बरं.

आजपासून बाहेरच्या कामांचं खातं वेगळं केलंय. रोख घेतले तरी बिलबुकातून पावती फाडणार. ऑफिसातल्या त्या सहकाऱ्यालाही हा धागा पाठवला. त्याच्या भावाची प्लॅन काढून द्यायची कामं आहेत आणि त्याचंही रिटर्न अजून भरायचं आहे.

चटणीभाकरी | १८ ऑगस्ट, सकाळी ७:१५

माझंही काल झालं. व्यवसायाच्या नावाच्या रकान्यात काय लिहू विचारलं तर मुलगा म्हणाला, तुझंच नाव लिही. तेच लिहिलं.

मोहोळकडचा | १८ ऑगस्ट, दुपारी २:००

मी आयटीआर-३ उघडलाय. शेतीच्या तपशिलात एकरांची संख्या आणि पाणी कसलं ते विचारतंय. विहीर आणि कालवा दोन्ही असेल तर?

पार्कचौक | १८ ऑगस्ट, दुपारी २:३०

लिहायचं तर बागायती. पण तो तपशील शेतीचं निव्वळ उत्पन्न पाच लाखांच्या वर असेल तरच भरायचा असतो. तुमचे १,६०,००० आहेत, ते रकाने सोडून पुढे जा.